फेसाची मोजणी

किसनराव मास्तरांना शाळेची मागची खोली हवी होती. बाळापूरच्या शाळेत त्या खोलीला कुलूप, किल्ली तालीम खात्याच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या साहेबाकडे, आणि साहेब बसणार परभणीला. मास्तर हैदराबादेत सायन्स शिकून आलेले. आल्यापासून त्यांचा एकच धोशा, पोरांना प्रयोगशाळा पाहिजे. पोरं बिचारी लिंबाखाली बसून काचेची नळी फळ्यावरच्या चित्रात बघत.

सामान कुठून आणणार? लढाईचे दिवस, रॉकेल मिळायची मारामार. पण मास्तर हटले नाहीत. दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या मागं लागून जखमा धुवायचं पेरॉक्साइड मिळवलं. कंदिलाच्या काचेचं बूड लाखेनं बुजवलं, बाजूला फूटपट्टी बांधली, झालं मापाचं यंत्र. राहिलं यीस्ट. ते शिंदीखान्यातल्या, म्हणजे ताडीसारखी शिंदी विकणाऱ्या दुकानातल्या मडक्याच्या तळाशी फुकटात बसलेलं असतं. तो गाळ पेरॉक्साइडात टाकला की यीस्टमधलं एन्झाइम कामाला लागतं आणि फेस वर चढतो. एन्झाइम जितकं जोरदार, तितका फेस उंच. पहिल्याच खेपेला फेस चांगला वीतभर चढला आणि मास्तर एकटेच हसत सुटले.

साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर त्यांनी लोटाभर ताजा गाळ आणून घरी ठेवला. बायकोला, रुख्मिणीबाईंना, बजावलं, "शाळेचं औषध हाय, हात लावू नको." पण बाईंना काय नाक नव्हतं?

दुसऱ्या दिवशी साहेब समोर खुर्चीत बसले. मास्तरांनी गाळ ओतला. फेस नाही. आणखी ओतला. एक बुडबुडा येईल तर शपथ. साहेबांसाठी चहा घेऊन आलेल्या रुख्मिणीबाई दाराआडून हळूच म्हणाल्या, "आवं, शिंदीचं हाय म्हणून म्या ते खळखळा उकळून घेतलं. माळकऱ्याच्या घरात कच्ची शिंदी कशी ठिवू?"

उकळल्यावर एन्झाइम मेलं. आता कसला फेस अन् कसलं काय.

"हे काय मोजून राहिले, मास्तर?" साहेबांनी विचारलं.

"शिंदीतल्या गाळाचा जोर, साहेब."

"मग किती भरला?"

"शून्य."

साहेबांची कळी खुलली. तालुक्यातल्या शिंदीचा ठेका त्यांच्या मेव्हण्याकडे, आणि मेव्हण्याच्या शिंदीनं माणसं आडवी होतात असे गावोगावचे अर्ज वर गेलेले. "म्हणजे आपल्या शिंदीत नशाच न्हाई. बराबर?" म्हणत त्यांनी खिशातून किल्ली काढली. "ही घ्या खोली. असली प्रयोगशाळा पायजेच."

मास्तर सांगायला तोंड उघडत होते की नशेचा इथं संबंध नाही, आणि हा गाळ तर उकळलेला आहे. पण किल्ली समोर होती. खरं काय ते उद्या सांगू, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. लाज वाटली, खूप वाटली, पण हात पुढं झालाच.

आठवड्याच्या आत हुकूम आला. तालुक्यातल्या सगळ्या शिंदीखान्यांची मडकी बाळापूरच्या प्रयोगशाळेत तपासावीत, गाळ आधी उकळून घ्यावा, आणि नशा नसल्याचा दाखला मास्तरांनी सहीनिशी द्यावा. बाईंचं दाराआडचं बोलणं साहेबांनी बरोबर ऐकलं होतं. बैलगाड्या येऊ लागल्या. खोली छतापर्यंत मडक्यांनी भरली. मास्तर सकाळपासून चुलीपुढं बसून गाळ उकळायचे आणि सह्या करायचे.

सायन्सचा तास साहेबांनी बंदच करून टाकला. प्रयोगशाळेच्या कामात पोरांची अडचण होते म्हणाले.