जैदची खानावळ मोडकळीला आली असेल तर

इस्तंबूलच्या मुफ्तींच्या कचेरीत मी लोकांचे धर्मकायद्याचे प्रश्न लिहून द्यायचो. प्रश्नात खरी नावं घालायची नाहीत अशी रीत होती. कुणीही असो, तो जैद. मुफ्ती खाली एकच शब्द लिहीत, होय किंवा नाही.

एका सकाळी राजवाड्यातला बेहराम आगा स्वतः आला. असली माणसं नोकर पाठवतात, म्हणून मी तेव्हाच सावध झालो.

"लिही. जैदने धर्मादाय दिलेली खानावळ मोडकळीला आली, तर दुसरी जागा देऊन ती बदलून घेता येईल का?"

"कुठली खानावळ, आगा?"

"जैदची," तो हसला. "परवा येतो. होय तेवढं आण."

पडक्या वक्फाला, म्हणजे धर्मादाय वास्तूला, उत्तर होयच असतं. मग आगा स्वतः कशाला आला, तेच मला खटकलं. राजवाड्याचा डोळा असेल अशी धर्मादाय खानावळ एकच होती, पलीकडच्या किनाऱ्यावर उस्कुदारला, सुलतानांच्या बागेला लागून. दुसऱ्या दिवशी नावेने तिकडे गेलो. चुलीवर सूप रटरटत होतं, दारात गरिबांची रांग होती, भिंतीला तडा म्हणून नव्हता.

खानावळ सांभाळणारी विधवा गुलफिदान म्हणाली, "मंगळवारी दोघं दोरीने भिंती मोजून गेले. माळी म्हणे! माळ्याला माझ्या भिंती कशाला हव्यात, दादा?"

परतल्यावर प्रश्नात मी चार शब्द वाढवले: 'काझीसमोर तसं शाबित झाल्यास'.

मुफ्तींनी वाचलं. "हे शेपूट कुणी लावलं?"

"मी, हुजूर."

"जैदला ओळखतोस?"

"नाही जी."

"मग त्याच्यावर एवढा संशय?" माझ्याकडे रोखून पाहत त्यांनी 'होय' लिहिलं. ते रागावले की खूश झाले, मला कळलं नाही.

आगाने कागद वाचला आणि त्याचं तोंड उतरलं. आता त्याला काझींकडे जावंच लागलं. काझींनी पाहणीला गवंडी पाठवले. इमारत धडधाकट ठरली. खानावळ वाचली.

दोन महिन्यांनी त्या काझींची बदली दूर एर्झुरूमला झाली. नवा काझी आगाचा जावई. मुफ्ती सहज बोलावं तसं म्हणाले, "शेपूट छान होतं. पण काझी कोण, ते कुठे लिहिलं होतंस?"

हे त्यांना आधीच ठाऊक होतं का? विचारायची माझी छाती झाली नाही. मी उस्कुदारची नाव धरली.

गुलफिदानने ऐकून घेतलं, पदराला हात पुसले. "गवंड्यांची साक्ष जुन्या काझींच्या वहीत आहे ना? तिची शिक्क्याची नक्कल आजच आणून द्या. जावई वहीवर बसायच्या आत."