भिंतीकडची पाठ

ताईंना आयुष्यात कमी काय होतं? शहरातल्या दोन चौकांत त्यांनी घडवलेले पुतळे उभे होते, कलाशाळेत त्यांच्या शिकवण्याचा दरारा होता, आणि आता कलादालनातली प्रदर्शनंही त्याच मांडत. कुठलं शिल्प कुठे, त्याचं तोंड कुणीकडे, दिवा कुठून, सगळं त्यांच्या शब्दावर. एवढं असूनही हल्ली ताईंच्या पोटात दुखत होतं. धाकट्या बहिणीचं शिल्प प्रदर्शनासाठी निवडलं गेलं होतं.

धाकटी जन्मभर नर्स. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून ताईंच्याच वर्गात येऊन मागे बसू लागली. आणि केलं काय, तर आई. सुईत दोरा ओवायला वाकलेली आई. ताईंनी आजवर कितीदा तरी आई करायला घेतली होती आणि दर वेळी माती परत पिंपात टाकली होती. चेहरा जमायचा, आई काही यायची नाही. लहानपणीही ती धाकटीच्याच उशाशी बसायची.

धाकटीच्या शिल्पाचा चेहरा यथातथाच होता. नाक चुकलेलं, बोटं थोराड. ते पाहून ताईंना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग त्या मागच्या बाजूला गेल्या आणि जागच्या जागी थिजल्या. आई दमली की तिच्या मानेखाली, उजव्या खांद्याजवळ एक खळगा पडायचा. तो खळगा तिथे होता. कालपरवा मातीत हात घातलेल्या बाईला हा जमावा? ताईंचा असा जळफळाट झाला की घरी दोन घास गोड लागेनात.

मांडणीच्या दिवशी त्यांनी ते शिल्प कोपऱ्यात न्यायला लावलं. पाठ भिंतीकडे. हमाल म्हणाला, एवढं चिकटवलं तर मागे कुणाला जाता येणार नाही. मागे बघण्यासारखं काही नाही, असं ताईंनी त्याला सुनावलं.

उद्घाटनाला धाकटी मुलं-नातवंडं घेऊन आली. लोक कोपऱ्यात क्षणभर थांबत, छान म्हणत आणि पुढे सरकत. ताईंना हवं होतं अगदी तसं. धाकटी मात्र हिरमुसली नाही. गर्दी चहाकडे वळल्यावर तिने ताईंचा हात धरून त्यांना कोपऱ्यात नेलं.

"ताई, पाठ का गं लपवलीस?"

"जागा बघूनच मांडावं लागतं."

"मला वाटलं, तुला संकोच वाटला. पाठ तुझी ना."

ताईंना काही उमजेना.

"वर्गात तू फोनवर कुणाशी तरी भांडत होतीस," धाकटी म्हणाली. "बोलता बोलता माझ्या मागे आलीस, मातीवर अंगठा दाबलास आणि पुढे गेलीस. बघते तर काय, आई. मग मी तिथे हातच लावला नाही. साच्यातून प्लास्टरमध्येही तो खळगा जसाच्या तसा उतरला."

वर्गात फिरताना ताईंचा अंगठा आपोआप चाले. कुणाच्या मातीवर काय दुरुस्त केलं, हे त्यांना घरी जाईपर्यंत आठवतही नसे. वर्गातली मुलं त्यावरून त्यांची चेष्टाही करायची.

शिल्प आणि भिंत यांच्यात जेमतेम हात जाईल एवढी फट होती. ताईंनी आत हात घातला. गार प्लास्टरवर चाचपडता चाचपडता खळगा सापडला, आणि अंगठा त्यात बरोब्बर बसला.

"उद्या फिरवून घेऊ या का?" धाकटीने विचारलं.

ताईंनी होकारार्थी मान हलवली, पण हात काढला नाही. आई शेवटी त्यांच्या हातून आली होती, आणि आली तीही धाकटीकडेच.