काचेच्या पेल्यातली शेवंती

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. काचेच्या पेल्यात शेवंतीची थोडी पांढरी फुले, एवढाच माझा ऐवज. अगदी नाक लावून पाहिलेत तर तीही सापडणार नाहीत. दिसतील नुसते रंगाचे जाड फटकारे. जरा मागे सरकलात की फुले उमलतात.

मला एका आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका सकाळी, एकाच बैठकीत रंगवले. खिडकीतले ऊन सरकत होते, म्हणून तिचा हातही घाईत होता. पेल्यातले पाणी तिने टेबलक्लॉथच्या निळ्याने आणि देठांच्या हिरव्याने रंगवले. माझ्या सावल्यांत काळा रंग औषधालाही नाही. त्या जांभळ्या आहेत.

तिच्या नवऱ्याचे चष्म्यांचे दुकान होते. मला पाहून तो गंभीर झाला.

"अगं, सगळं धूसर काढलंयस. तुला नंबर लागलाय."

त्याने तिला दुकानात नेऊन अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवले. तिने शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"त्या तक्त्यावर मुंगी चाललीय, तीही दिसतेय मला. पण फुलं मी अशीच काढणार."

हार मानून त्याने मला कौतुकाने दुकानात टांगले. पण नवा चष्मा घातला की गिऱ्हाइकाची नजर आधी माझ्यावरच पडे. एका आजीबाईंनी तर चष्मा काढून त्याच्यापुढे ठेवला. "अहो, ती फुलं अजून धूसरच दिसताहेत! काचा बदलून द्या."

तेव्हापासून माझा मुक्काम मागच्या खोलीत, भिंगे घासायच्या यंत्राशेजारी. माझ्यावर काचेची भुकटी साचत राहिली. आई मधूनच डोकावून म्हणे, "काय, शिक्षा संपली नाही का अजून?"

मग आई गेली.

काही दिवसांनी बाबा आपल्या मुलीला घेऊन मागच्या खोलीत आले. त्यांनी मला उतरवले. "केवढी धूळ बसू दिली मी," असे पुटपुटत त्यांनी माझ्यावर चष्म्याच्या काचा पुसायचा फवारा मारला आणि मऊ फडके फिरवले. आयुष्यभर त्यांनी ज्या हाताने काचा जपल्या, तोच हात होता तो.

"बाबा, थांबा! ती काच नाहीये!"

फडक्यावर रंगाचा एक पांढरा पापुद्रा आला होता. अख्खी पाकळी.

"तिच्या हातचं एवढंच उरलं होतं गं," बाबा म्हणाले, "आणि मी तेही पुसायला निघालो."

मुलीने फडके त्यांच्या हातातून अलगद काढून घेतले. "बाकीची फुलं आहेत, बाबा."

जुनी चित्रे दुरुस्त करणाऱ्या बाईंनी कोरड्या ब्रशने माझ्यावरची भुकटी काढली. "पाकळी रंगवून देऊ का? कळणारही नाही."

"नको," बाबा म्हणाले. "तिच्या चित्रात दुसऱ्या कुणाचा हात नको."

त्या जागी आता कोरा कॅनव्हास दिसतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याला भर उन्हात टांगू नका, ओले फडके लावू नका. कितीही माया असली तरी आधी जाणत्याला विचारा. आम्हाला 'नको' म्हणता येत नाही.

आता मी त्यांच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर आहे. बाबा रोज सकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहतात, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.