अकरा वर्षं नवीन

आरोग्यकेंद्रात तिला सगळे बॅगवाली म्हणत. दर प्रशिक्षणाला एक बॅग मिळते आणि तिची प्रशिक्षणं अकरा झाली होती. घरात कांदे बॅगेत, सासूची औषधं बॅगेत, नवऱ्याचे पाने-पक्कडही बॅगेत. "या घरात पगार सोडून सगळं येतं," सासू म्हणायची, आणि नवी बॅग आली की धुऊन वाळत घालायचीही तीच.

पगार नव्हताच. बाळांची वजनं, लसींची आठवण, टीबीच्या माणसाला समोर उभं राहून गोळी गिळायला लावणं, सगळं फुकट. परदेशातले निधीवाले म्हणत, शिकवायचा खर्च आमचा, पगाराचं तुमचं तुम्ही बघा. शिकवायचं तेही फक्त नव्या कार्यकर्तीला. प्रशिक्षणाचा भत्ता तेवढा हातात पडे. म्हणून मोठ्या सिस्टर दर वर्षी तिचं नाव यादीतून कमी करत आणि दुसऱ्या दिवशी 'नवीन' म्हणून चढवत. दोघींनाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. बॅगवाली दर वर्षी हात धुवायला नव्यानं शिके, वर शहाण्या मुलीसारखी दोन प्रश्नही विचारी.

यंदा निधीवाल्यांना उपरती झाली. पाच वर्षं दरमहा पगार देणार होते. त्यांच्या मॅडम दोन दिवसांसाठी आल्या, लॅपटॉप उघडून बसल्या. अट एकच होती: सलग तीन वर्षं काम.

"तुमचे चारच महिने झालेत," मॅडम म्हणाल्या. "काम छान आहे हो. पण नियम आहे."

बॅगवालीनं सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर वजनकाट्यावरची धूळ पुसत होत्या. काट्यावर धूळ नव्हती.

मॅडम वस्ती बघायला गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "खरं सांगितलं तर अकरा ठिकाणी माझी सही निघेल. पेन्शनला दीड वर्ष राहिलंय गं."

"राहू दे, सिस्टर. कपड्यांच्या कारखान्यातून बोलावणं आहे. सोमवारपर्यंत कळवायचंय. तिथं दिवसभर उभं राहायचं, इथंही उभीच असते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सिस्टरांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगवाली काम सोपवायला आली. "लिहून घ्या. निळ्या दाराचे आजोबा गोळी जिभेखाली दडवतात, पाणी पाजून तोंड उघडायला लावायचं. शिंपिणीच्या सुनेला सहावा लागलाय, सासूपुढं ती 'बरी आहे' एवढंच बोलते. तिला नळावर गाठायचं. जिन्याखालच्या घरातल्या बाळाला लस द्यायची तर आधी त्याच्या बापाला बसवायचं, त्यालाच चक्कर येते."

सिस्टर लिहीत होत्या. चौथ्या पानावर त्यांचा हात थांबला.

"हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलीस?"

"अजून कुणी ठेवलं नाही असलं प्रशिक्षण. ठेवलंत तर नाव घाला माझं."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद ओढला, सावकाश पाच ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि आतल्या खोलीत मॅडमपुढे नेऊन ठेवला. बॅगवाली मागोमाग गेली.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे आमच्या अहवालांत ज्या अकरा नव्या कार्यकर्त्या आहेत..."

"त्या ह्याच," सिस्टर म्हणाल्या. "अकराही जणी."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "ते अहवाल मीच लिहिलेत. प्रत्येक वेळी शाबासकी मिळाली होती मला."

बाहेर कुणाचं तरी बाळ वजनाच्या झोळीत भोकाड पसरून रडत होतं. बॅगवाली सवयीनं दाराकडे वळली, तसं मॅडमनी तिला हातानंच थांबवलं आणि चार महिन्यांच्या जागी अकरा वर्षं टाईप केली.

"वर काय सांगायचं ते मी बघते," त्या म्हणाल्या. "पण सिस्टर, तुमची चौकशी होईल. ती मला टाळता येणार नाही."

"टाळू नका. फक्त या कागदाची एक प्रत द्या. चौकशीत विचारतील तेव्हा माझं पाठ असायला हवं."

बॅगवालीला काहीतरी बोलायचं होतं, पण सिस्टरांनी मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती.

"अगं, ते बाळ रडतंय ना," त्या म्हणाल्या. "जा. आणि त्या कारखान्याला कळव, येत नाही म्हणून."