जयवंतने लावलेला सूर

मित्रांनो, घोडपदेवच्या एका चाळीत, कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगलेली मी एक जुनी बेस गिटार आहे. माझं अंग भरीव लाकडाचं. लांब दांडीवर चार जाड तारा, आणि त्या ताणायला डोक्यावर चार मोठ्या चाव्या.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतात ते जयवंतचे हात. तो दिवसा माझगावच्या गोदीत काम करी आणि संध्याकाळी भीमगीतांच्या पार्टीत मला वाजवी. परळ, लालबाग, शीव, किती मांडव आम्ही पाहिले! लोक दाद देत ती गायकाला. माझ्याकडे कुणी बघत नसे, पण मी थांबले की गाणं पोकळ वाटे.

माझी एक चावी झिजली होती. प्रत्येक गाण्यात तिची तार उतरे, आणि जयवंत वाजवता वाजवता हात वर नेऊन ती आवळी. मला हात लावायची मुभा घरात कुणालाच नव्हती. त्याच्या मुलीला, रश्मीलाही नव्हती.

गेल्या वर्षी जयवंत गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोकांनी मला हार घातला आणि पुन्हा भिंतीवर टांगलं. त्या दिवसापासून ती झिजलेली चावी सरकली नाही.

रश्मी कामावरून आली की नखाने ती तार एकदाच छेडी. फोनवरच्या सूर दाखवणाऱ्या ट्यूनरचा काटा बरोबर मध्ये उभा राही.

"आई, अजून उतरली नाही गं."

"हात आहे त्यांचा तिच्यावर," शांता तांदूळ निवडता निवडता म्हणे. "तू नको लावू."

स्पीकर जोडल्याशिवाय माझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. तरी एके दिवशी शेजारची दर्शना दारात येऊन म्हणाली, "वहिनी, दुपारचं कोण वाजवतं हो तुमच्याकडे?"

"कुणी नाही," शांता म्हणाली, आणि रेडिओ मोठा केला.

भीमजयंती जवळ आली तसा पार्टीतला कीबोर्डवाला प्रफुल्ल आला. त्याने एक डोळा मिटून माझ्या दांडीवरून नजर फिरवली.

"रश्मे, दांडी धनुष्य झालीय. ताण काढला नाहीस तर चिरेल. नवीन चाव्या आणल्यात, चारही बदलू."

"तारा सोडाव्या लागतील?"

"मग काय, तारांसकट काढू? जादूगार आहे का मी?"

"काका, हे बाबांनी शेवटचं लावलंय. एकदा सोडलं की गेलं."

प्रफुल्लचं हसू मावळलं. "नाही सोडलंस तर हीच जाईल. बघ बाई."

रश्मीने ती तार पुन्हा एकदा छेडली. मग तिने मला मांडीवर घेतलं. तीन तारा सहज सुटल्या. चौथी चावी हलेना. गाण्यागणिक सरकणारी ती चावी आता जागची हलत नव्हती. प्रफुल्लने पक्कड लावली.

"च्यायला, हिला काय झालं?"

शांता पदराला हात पुसत आली. तिने माझ्या डोक्यावर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाली, "अहो, सोडा आता."

चावी फिरली. तार खोल गुरगुरत उतरत गेली, आणि माझ्या दांडीतून करकर आवाज आला.

मग जुन्या चाव्या निघाल्या. नव्यांचे स्क्रू जुन्या भोकांत बसेनात, म्हणून प्रफुल्लने काडीपेटीच्या काड्या गोंदात बुडवून भोकं बुजवली आणि नवी पाडली. तारा पुन्हा चढल्या. रश्मीने चावी धरून फिरवली, तर तार आणखी सैल पडली.

"उलटं फिरवतेयस," प्रफुल्ल म्हणाला. "जुन्या चाव्या उलट्या फिरायच्या. तुझा बाप असाच आवळायचा. त्याने शिकवलं तुला?"

"मला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत, काका."

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. मग सावकाश दुसऱ्या बाजूने चावी फिरवली.

मित्रांनो, तुमच्या घरीही गेलेल्या माणसाचं एखादं वाद्य असेल. ते तसंच ताणलेलं भिंतीवर ठेवू नका. त्याला खाली काढा, पुसा, आणि भीत भीत का होईना, स्वतः लावा. रश्मी आता रोज मला घेऊन बसते. तिचा हात अजून आधी उलटाच जातो. मी तिला घाई करत नाही.