पंचेचाळीसची वाइन

बाप गेल्यापासून ओदेत्त लाफार्गला सगळ्यांचाच संशय येई, आणि सगळ्यात जास्त मात्युरँचा. शातो मोंगारूस या वाइन बनवणाऱ्या घराच्या पिंपघराचा तो मुख्य. कुठलं पिंप कधी भरायचं, कुठली वाइन कशात मिसळायची, सगळं त्याच्या हातात. मनात आणलं तर असा माणूस मालकिणीला रोज नवी टोपी घालील. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची? ओदेत्तने कोठाराची कुलपं बदलली, मात्युरँ जवळून गेला की त्याच्या श्वासाचा वास घेतला, तो हसला तरी का हसला याचा विचार केला.

मोंगारूस काही फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या मेदोकमधलं पहिल्या पंगतीचं घर नव्हतं. अठराशे पंचावन्नच्या वाइनच्या सरकारी वर्गवारीत ते कसंबसं शेवटच्या, पाचव्या वर्गात बसलं. पण बसलं ते बसलं. पुढे मालक बदलले, बागांचे तुकडे विकले, नवे घेतले, तरी वर्ग नावाला चिकटून राहिला. हद्दीवरच्या खंदकापलीकडे नदीकाठाला फिर्मँ बार्बोतोचा मळा होता. त्याला कुठलाच वर्ग नव्हता, आणि त्याची वाइन गावातल्या खानावळीत सुरईतून मिळायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोंगारूसचंही नाव धुळीला मिळालं होतं. ते वर काढलं एकोणीसशे पंचेचाळीस सालच्या वाइनने. ती पिऊन बोर्दोचे दलाल पुन्हा दाराशी आले. बापाने तिच्या थोड्या बाटल्या लोखंडी जाळीमागे ठेवल्या, किती ते कधी कुणाला सांगितलं नाही, आणि ओदेत्तच्या प्रत्येक वाढदिवसाला तिला त्यातली घोटभर दिली. ही चव जिभेवर राहिली की बाकीचं आपोआप येईल, असं तो म्हणे. ओदेत्तची जीभ त्या चवीवर वाढली. जाळीची किल्ली आता दोघांकडेच होती, तिच्याकडे आणि मात्युरँकडे.

मार्चमध्ये खंदक उपसायचा होता, म्हणून ती दुपारी फिर्मँकडे गेली. स्वयंपाकघरात फिर्मँ आणि मात्युरँ समोरासमोर कोबीचं सूप ओरपत बसले होते. मालकिणीला बघून मात्युरँ उभा राहिला. इतक्या घाईने का उभा राहिला, हे ओदेत्तने मनात टिपून ठेवलं. फिर्मँने तिला बळेच बसवलं आणि सूप वाढलं. तळाशी थोडं उरल्यावर इकडच्या म्हाताऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याने तिघांच्याही वाडग्यांत वाइन ओतली. गरम सुपात वाइन ढवळून वाडगा तोंडाला लावायचा, याला ते शाब्रो म्हणतात. बाटलीला चिठ्ठी नव्हती.

वाडग्यातून वाफ वर आली आणि ओदेत्तचा हात थांबला. देवदाराचं लाकूड, जुना तंबाखू, आणि मागे ती पुसटशी गोडी. कोबीच्या वासातूनही तिने ती ओळखली. पंचेचाळीस.

तिने ताकास तूर लागू दिली नाही. वाडगा रिकामा केला, खंदकाचं बोलून घेतलं आणि जाता जाता टेबलावरचं बूच उचलून पाहिलं. मोंगारूसच्या बुचावर घराची मोहर असते. हे कोरं होतं. म्हणजे मोहरेचं बूच काढून दुसरं मारलं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. चोर नुसता चोर नाही, हुशारही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मात्युरँकडून किल्ल्या मागितल्या.

"कशाबद्दल, बाईसाहेब?"

"बापाच्या वाइनचा शेजारच्या सुपात रतीब घालता, त्याबद्दल."

मात्युरँचा चेहरा उतरला. त्याने किल्ल्यांचा जुडगा पिंपावर ठेवला. निर्दोष माणूस भांडला असता, असं ओदेत्तला वाटलं. तरी रात्रभर तिला झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी फिर्मँ चिखलाच्या बुटांसकट तिच्या दिवाणखान्यात आला आणि सांगितल्याशिवाय बसला.

"चोर सोडून संन्याशाला सुळी देतेस, पोरी. ती बाटली माझी."

"फिर्मँकाका, ती चव मी झोपेतही ओळखीन."

"ओळखणारच. जीभ चांगली आहे तुझी. पण मला सांग, त्या वर्षी मे महिन्यात काय झालं होतं?"

हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. मेमध्ये हिव पडलं आणि मेदोकमधले कोंब एका रात्रीत काळे झाले. फक्त जिरोंद नदीला लागून असलेले मळे वाचले, कारण नदी थंडी अडवते. मोंगारूसच्या बागा खंदकाच्या अलीकडे, उंचावर, नदीपासून आत. हे सगळं ओदेत्तला आयुष्यभर माहीत होतं. मग आपल्या घरात त्या साली वाइन आली कुठून, हा साधा प्रश्न जगावर संशय घेणाऱ्या या बाईला कधी पडला नव्हता.

फिर्मँने बाकीचं हळूहळू सांगितलं. बागेत काही उरलं नाही तेव्हा तिचा बाप त्याच्याकडे येऊन रडला होता. फिर्मँच्या वाइनची पिंपं खंदकावर फळ्या टाकून या बाजूला आणली, ती लोटणारा तेव्हाचा तरुण मात्युरँ होता. तिघांनी कुणाला न सांगण्याची शपथ घेतली होती. फिर्मँने स्वतःपुरत्या थोड्या बाटल्या ठेवल्या, त्यांना मोहर कुठून असणार?

"तुम्ही गप्प का राहिलात इतकी वर्षं?"

"माझी म्हणून ती सुरईतून संपली असती. तुमची म्हणून लोकांनी टोप्या काढल्या." तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. "लोक काय म्हणतात ते मात्र मी कधी ऐकलं नाही. दलाल जेवायला येणारेत म्हणे. मला एका कोपऱ्यात बसव."

ओदेत्त तशीच उठून मात्युरँच्या घरी गेली. किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि माफी मागितली. ती नीट मागता आली नाही, तरी त्याने माफ केलं.

रविवारी दुपारी दलाल रोशुआर सहकाऱ्यांना घेऊन आला. यंदाच्या वाइनचा भाव त्याच्या जिभेवर ठरणार होता. फिर्मँला ओदेत्तने कोपऱ्यात नाही, आपल्या उजव्या हाताला बसवलं. मात्युरँने पंचेचाळीस ओतली. रोशुआरने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"याला म्हणतात वर्ग," तो शेवटी म्हणाला. "ही जमिनीची पुण्याई. खंदक ओलांडलात की संपलं सगळं."

ओदेत्त उभी राहिली. बापाचं नाव, घराचं नाव, यंदाचा भाव, सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं.

"ही वाइन खंदकापलीकडचीच आहे," ती म्हणाली. "या फिर्मँकाकांची. त्या साली आमच्याकडे द्राक्षच नव्हतं. वडिलांनी यांची पिंपं आणून आमची मोहर मारली."

रोशुआर खदखदून हसला. शेजाऱ्याचा मान राखावा तर असा, बापाचा विनोद पोरीत उतरलाय, असं म्हणून त्याने फिर्मँच्या पाठीवर थाप मारली. सगळे हसले. ओदेत्तने पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं, तसे ते आणखीच हसले.

फिर्मँने तिचं मनगट धरलं.

"बस, पोरी. मला ऐकायचं होतं ते मी ऐकलं," तो म्हणाला. "आता जेवू दे त्यांना."

ओदेत्त खाली बसली. तिला रडू येत होतं, आणि रोशुआर अजून हसत होता.