उताणं इरलं

१२ जून २०२५. सकाळपासून ढगाळ, वारा पश्चिमेचा, पाऊस नाही. खिडकीतून दिसतं तेवढं मी रोज ध्यानात ठेवतो.

मी बनुबाईचं इरलं बोलतोय. अकोले तालुक्यातल्या एका ठाकरवाडीत तिच्या नवऱ्याने, भिमाजीने, कळकाच्या कामट्या विणून मला घडवलं आणि वर पळसाची पानं बसवली. भाताच्या आवणीला वाकलेल्या बायकोचं डोकं आणि पाठ कोरडी राहावी, दोन्ही हात रोपांसाठी मोकळे राहावेत, एवढ्यासाठी. बारा पावसाळे मी तिच्या पाठीवर होतो. पानं कुजली की भिमाजी नवी घालायचा. कपाळाला कामटी टोचू नये म्हणून तिने पुढच्या कडेला आपल्या लुगड्याची हिरवी पट्टी शिवली होती.

भिमाजी गेला, प्लास्टिकचा कागद आला, मी माळ्यावर गेलो. कोंबडी माझ्यात अंडी घालायची. तेही बरं होतं, कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो. मग संग्रहालयाची माणसं टेम्पो घेऊन वाडीत आली. बनुबाई रानात होती. शेजाऱ्याने मला काढून दिलं. त्यांनी वाडीचं नाव लिहून घेतलं. मी काय आहे, हे कुणाला विचारलं नाही.

इथे काचेमागे मला उताणं ठेवलंय. आत प्लास्टिकची बाहुली निजवलीय. पाटीवर लिहिलंय, ‘ठाकर जमातीचा पारंपरिक पाळणा’. सहा वर्षं बायका ‘किती गोड’ म्हणत फोटो काढतात, शिक्षक मुलांकडून पाटी उतरवून घेतात. माणसं वस्तूकडे क्षणभर बघतात, पाटी मात्र दोनदा वाचतात.

आज बनुबाई आली. सोबत नगरला कारकुनी करणारा मुलगा काकासाहेब आणि त्याची मुलगी अश्विनी. अश्विनीला नर्सिंगला राखीव जागा मिळाली होती. पण ती ठाकर आहे हे पडताळणी समितीला पटलं, तरच ती टिकणार होती. समिती जमातीच्या चालीरीती विचारते. शहरात वाढलेली पोर आपल्याच चालीरीती पाठ करायला वही घेऊन इथे आली होती.

बनुबाईने हिरवी पट्टी ओळखली.

“आगं, हे तर माझं इरलं! आन् उताणं का टाकलंय? मेलंय का काय?”

“आजी, काचेला हात लावू नका,” पहारेकरी म्हणाला.

“आरं बाबा, बारा वर्सं डोक्यावर घेतलंय मी त्याला. आन् ही बाहुली कुनाची? आमची पोरं झोळीत निजायची.”

अश्विनीने वहीत ‘इरलं’ लिहिलं. काकासाहेबाने तिला ते खोडायला लावलं.

“पाटीवर हाय तेच सांग. समितीच्या साहेबाकडं हितलंच पुस्तक असतंय.”

“मंग मी खोटी व्हय रं?”

“तू खरीच हाईस, आई. पन तुझ्यावर शिक्का न्हाई.”

बनुबाई दाराशी जाऊन बसली. अश्विनीने पाटीवरचं वहीत उतरवून घेतलं.

९ जुलै. दिवसभर रिपरिप. समितीचे अधिकारी फाईल घेऊन आले. त्यांनी संग्रहालयाच्या प्रमुखांना अश्विनीचा जबाब वाचून दाखवला : “छायाचित्रातील वस्तू आमच्या जमातीचा पाळणा आहे. माझ्या आजीने माझ्या वडिलांना त्यातच वाढवले.”

“बघा, आम्ही तर आधीच लिहून ठेवलं होतं,” प्रमुख खूश होऊन म्हणाले.

त्या पोरीवर मी रागावू कसा? खरं बोलून तिचं शिक्षण गेलं असतं. पण साहेब, मला एकदा, एकदाच पालथं करून स्वतःच्या डोक्यावर घेऊन बघा. विचारायला कुणाकडे जायची गरज नाही.

४ ऑगस्ट. कडक ऊन. अश्विनीचा दावा वैध ठरला. काकासाहेब पेढे देऊन गेला; बनुबाई आली नाही. दुपारी नवी पाटी लावली : ‘ठाकर जमातीचा पारंपरिक पाळणा. वापर : श्रीमती बनुबाई भिमाजी यांचे कुटुंब. नातीच्या जबाबावरून खात्री केली.’